एका घोडीला साडेतीनशे घोडे

पाहिजे: जुनी पण दणकट, मोठी एसयूव्ही. मागे हुक असलेली. आत माणसं किती बसतात याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. घोडीचा ट्रेलर ओढून घाटापलीकडे न्यायचा आहे. घोडी वयस्कर, मानी आणि नकार देण्यात पटाईत. गाडी तिच्या पसंतीस उतरली पाहिजे. चेष्टा करणाऱ्यांनी फोन करू नये.

ही जाहिरात ताईने लिहिली. शेवटची तीन वाक्यं मी काढून टाकली होती, तिने ती परत घातली. फोन आले ते सगळे चेष्टा करणाऱ्यांचेच.

कोण कोण

ताई माझी थोरली बहीण. ती मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. तिच्या मते ती त्यांना पडायला शिकवते, बसणं त्यातून आपोआप येतं.

बाईसाहेब ही तिची घोडी. राखाडी, रुंद, कपाळावर अस्ताव्यस्त झुलपं. निम्म्या गावाच्या पोरांना पाडून झाल्यावर आता निवृत्त.

मिस्त्री माझा नवरा. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. हे नाव आईने लग्नाआधी नाक मुरडून ठेवलं होतं. मग एकदा ती लिफ्टमध्ये अडकली आणि त्याने तिला बाहेर काढलं. तेव्हापासून तेच नाव ती मोठ्या कौतुकाने घेते.

मी शाळेची बस चालवते. म्हणजे या गोष्टीत जे काही ओढायचं, ते मीच ओढणार होते.

काय अडलंय

तबेल्याची जागा विकली गेली. ताईला घाटापलीकडे नोकरी मिळाली, राहायला खोली मिळाली, आणि खोलीच्या मागे कुरण. महिनाअखेरपर्यंत घोडी तिकडे पोचली तर सोन्याहून पिवळं. नाही पोचली, तर तबेलेवाल्याने एक माणूस बघून ठेवला होता. तो समारंभांना आणि जाहिरातींना जनावरं भाड्याने देतो. तो आला, बाईसाहेबांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "डोक्यावर एक पांढरं शिंग चिकटवलं, की पोरं जाम खूश."

ताई त्या दिवशी जेवली नाही.

घोडे वाहणारे ट्रक मिळतात. पण बाईसाहेब ट्रकच्या फळीवर पाय ठेवत नाहीत. एक ट्रकवाला सकाळभर गोंजारून, ओरडून, शेवटी हात जोडून परत गेला. त्याची टोपी बाईसाहेबांनी खाल्ली होती. ताईच्या जुन्या ट्रेलरमध्ये मात्र त्या आपणहून चढतात, माहेरी आल्यासारख्या. फक्त तो ओढायला काही नव्हतं. ताईची गाडी इतकी चिमुकली, की उतारावर ट्रेलरनेच तिला पुढे ढकलत नेलं असतं.

स्वयंपाकघरातलं इंजिन

"डिझेल," मिस्त्री म्हणाला. तो कांदा चिरत होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी. विषय उगाच गंभीर वाटला.

"का?" ताईने विचारलं.

"टॉर्क."

"माणसांच्या भाषेत बोल."

"ओढ. गाडी किती वेगात पळेल ते हॉर्सपॉवर सांगते. जागचं जड ती किती सहज हलवेल, ते टॉर्क. डिझेलला हळू फिरतानाच जोर असतो. घाटात बोंब मारत नाही."

"आणि पेट्रोल?"

"आठ सिलिंडरचं असेल तर तेही ओढतं. पण त्याला ओरडावं लागतं. आणि पितं असं, की पंपवाला तुमच्या वाढदिवसाला केक पाठवेल."

"म्हणजे डिझेल."

"थांबा ना ताई. जुनं डिझेल बिघडलं की घर विकायला काढतं. टर्बो, इंजेक्टर, धुराची जाळी. गावातल्या गावात फिरवलं तर ती जाळी तुंबते. घोडी पोचवल्यावर तुम्ही गाडीचं काय करणार?"

"भाजी आणेन."

"भाजीसाठी डिझेल नको."

"म्हणजे पेट्रोल."

"पण घाट आहे ना."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "हा घरी पण असाच?"

"सोफा ठरेपर्यंत आम्ही जमिनीवर बसायचो," मी म्हटलं. "मग जमिनीचीच सवय झाली. सोफा आला तेव्हा पाहुण्यासारखा वाटला."

"मोठ्या इंजिनाची हॉर्सपॉवर किती असते रे?"

"साडेतीनशेच्या आसपास."

"एक घोडी न्यायला साडेतीनशे घोडे," ताई म्हणाली. "बाईसाहेबांच्या कानावर घालू नका. डोक्यात हवा जाईल."

पहिली गाडी

(दलालाची उत्तरं गाळली आहेत. ती सगळी 'एकदम मस्त' याच्या आसपासची होती.)

"हिने कधी काही ओढलंय?"

"कधीच नाही?"

"मग हुकाचा गोळा असा घासून चकचकीत का झालाय?"

"पावसाने. बरं. पाऊस रोज हुकावरच पडायचा का?"

"गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास येतोय."

"नाही, मला सर्दी नाही."

"तुमच्या काकांची होती. फक्त रविवारी चालवायचे. मग सोमवार ते शनिवार काय, डोंगर हलवायचे?"

शेवटचा प्रश्न माझा. बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाला, "गाडीने ओझं ओढलं असेल तर ती वाईट होत नाही. ओढून वर नाही म्हणतात ना, ते वाईट."

दुसरी गाडी

ही दातांच्या एका निवृत्त डॉक्टरबाईंची. गडद निळी, आमच्या बैठकीच्या खोलीएवढी, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. हिने वर्षानुवर्षं त्यांची शिडाची नाव तलावावर नेली होती. आता गुडघे नावेत चढू देत नव्हते. नाव पुतण्याने नेली आणि गाडी अंगणात एकटी पडली. हुकाचा गोळा घासलेला होता आणि तो घासलेला आहे हे बाईंनी स्वतःच सांगितलं. मिस्त्री तिथेच अर्धा विरघळला.

"ओढायचं काय आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"घोडी," ताई म्हणाली.

"वय?"

"बावीस."

"दात?"

"सगळे जागेवर."

बाई पहिल्यांदा हसल्या. "न्या फिरवायला. ट्रेलर लावून बघा. नुसती गाडी चालवून काय कळणार?"

तोल

जिवंत वजन शेवटी, आधी वाळू, असं मिस्त्रीने ठरवलं. बाईसाहेबांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या त्याने ट्रेलरमध्ये चढवल्या. मग अर्धा दिवस त्या पुढे-मागे सरकवत बसला.

"लोकांना वाटतं लिफ्ट मोटर उचलते," तो गोणीवर बसून घाम पुसत म्हणाला. "तसं नसतं. लिफ्ट उचलतं ते दुसऱ्या बाजूला टांगलेलं वजन. दोन्ही बाजूंचा तोल साधला, की मोटरला फक्त उरलेला फरक ओढायचा असतो. तोल म्हणजे सगळं. तोल बरोबर असेल तर इंजिन कुठलंही घ्या."

हा माणूस बाजारातून येताना रस्त्यात थांबून एका पिशवीतले बटाटे दुसऱ्या पिशवीत टाकतो, दोन्ही हातांना सारखं ओझं व्हावं म्हणून. त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

संध्याकाळी त्याने आम्हाला हाक मारली. ट्रेलरचा पुढचा दांडा, जो हुकात अडकतो, तो त्याने एका बोटाने उचलून दाखवला. एवढा अवजड ट्रेलर आणि एक बोट! ताईला करंगळीने उचलायला लावलं. ताईने उचलला. दोघं एकमेकांकडे बघून असे हसले, की मला बाजूला उभं राहिल्यासारखं वाटलं.

रस्ता

मोठ्या रस्त्याला लागलो. निळी गाडी लोण्यासारखी पळत होती. मी वेग वाढवला. आरशात ट्रेलर जरासा

डावीकडे गेला.

मग उजवीकडे.

मग जास्त डावीकडे, आणि त्याच्याबरोबर आमच्या गाडीचं बूडही

उजवी—

"ब्रेक मार!" मिस्त्री.

"मारू नकोस!" ताई.

मी बस चालवते. ओरडणारे प्रवासी मला नवे नाहीत. मी काहीच केलं नाही. फक्त वेगावरचा पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि मागे पोरं नाहीत, वाळू आहे, याबद्दल मनातल्या मनात आभार मानले. ट्रेलरने आणखी दोन वेळा शेपूट हलवलं आणि मग त्याला कंटाळा आला.

कडेला थांबलो. ताई मागे वळून ट्रेलरकडे बघत होती. तिला तिथे काय दिसत होतं ते मला कळत होतं. गोण्यांच्या जागी बाईसाहेब.

"सस्पेन्शन गेलंय," मिस्त्री शेवटी म्हणाला. "तोल तर अचूक होता."

डॉक्टरबाईंना आम्ही हे दारातच सांगितलं. त्यांनी किल्ली हातात घेतली. "या गाडीने एकदाही शेपूट हलवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या घोडीला शुभेच्छा." आणि दार लावून घेतलं. हळू, पण दुखेल असं. दातांच्या डॉक्टरांनाच ते जमतं.

तिसरी गाडी

बागांची कामं करणाऱ्या एका माणसाची. सहा सिलिंडरचं डिझेल, दारांवर ओरखडे, आत मातीचा वास. माणूस खरं बोलणारा. "खडबड आवाज करते, पण ओढते," एवढंच म्हणाला आणि किल्ली दोन दिवसांसाठी देऊन टाकली.

मिस्त्रीने पुन्हा गोण्या सरकवल्या. "या वेळी आणखी बारीक तोललंय," तो म्हणाला. या वेळी दांडा उचलायला बोटसुद्धा लागत नव्हतं. फुंकर मारली असती तरी वर आला असता.

आणि मोठ्या रस्त्यावर, मागच्याहून कमी वेगात, डावी, उजवी, डावी.

"पेट्रोल हलतं, डिझेल हलतं," ताई म्हणाली. आवाज हसरा होता, चेहरा नव्हता. "आता काय, बैल बघायचे?"

'बाईसाहेब' नावाचा फोनवरचा ग्रुप

आई: घोडीचं काय झालं

मी: गाडी हलते

आई: कुठली

मी: सगळ्या

आई: मग गाडीचा दोष नाही. मिस्त्रींना विचार आत काय आणि कसं भरलंय

मिस्त्री: आई, तोल अगदी बरोबर आहे

आई: अगदी बरोबर कशाला पाहिजे

यावर कोणी उत्तर दिलं नाही, कारण नेमका तेव्हाच ताईने एक फोटो टाकला. जनावरं भाड्याने देणाऱ्याने तिला तो पाठवला होता. पांढरं, पिळाचं, चमकी लावलेलं शिंग. खाली त्याने लिहिलं होतं: 'मापाला कधी येऊ?'

मिस्त्री ट्रेलरखाली गेला. टायरची हवा बघितली, चाकं फिरवून बघितली, जमीन सपाट आहे का तेही बघितलं. बाहेर आला तेव्हा नाकाला ग्रीस लागलं होतं आणि बोलणं कमी झालं होतं. लिफ्ट असती तर त्याला दोष आवाजावरून सापडला असता. हे त्याने सांगितलं नाही, पण तो ट्रेलरला कान लावून उभा होता.

कान

"वाळू पुरे झाली," ताई म्हणाली. "हलणं नंतर बघू. निदान इंजिन तरी तिच्या पसंतीने ठरवू."

गोण्या उतरवल्या. डिझेल गाडी तबेल्याच्या अंगणात ट्रेलरला जोडली.

बाईसाहेब फळी चढल्या. कान पुढे.

मी डिझेल चालू केलं. खडखड, खडखड. ट्रेलरची पत्र्याची भिंत थरथरली.

कान मागे.

बाईसाहेब उलट्या पावली बाहेर.

दुसऱ्यांदा. आत. चालू. कान मागे. बाहेर.

तिसऱ्यांदा आतच गेल्या नाहीत. फळीपाशी उभ्या राहून त्यांनी असं काही बघितलं, की मी गाडी बंद करून नकळत "सॉरी" म्हणाले.

म्हणजे टॉर्क, जाळी, भाजी, सगळं बाजूला राहिलं. डिझेल बाद. उरलं ते पेट्रोल, आणि त्या पेट्रोलच्या दारावर आम्ही स्वतःच चिखल उडवून आलो होतो.

ताईने डॉक्टरबाईंना फोन केला. बराच वेळ ती नुसती "हो" म्हणत होती. फोन ठेवून म्हणाली, "त्या येतायत. स्वतः चालवणार आहेत. आणि एक अट आहे."

"काय?"

"मिस्त्रीने बोलायचं नाही."

एक हात मागे

निळी गाडी अंगणात आली. डॉक्टरबाई उतरल्या, थेट बाईसाहेबांपाशी गेल्या, ओठ वर करून दात पाहिले आणि मान डोलावली. बाईसाहेबांनी ते करू दिलं. आम्हाला तिथेच कळायला हवं होतं.

गाडी जोडली, चालू केली. शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपेत श्वास घ्यावा तसा आवाज. बाईसाहेब फळी चढून आत गेल्या, सरळ पुढे, छातीला आडवा दांडा टेकेपर्यंत. समोर ताईने गवताची जाळी टांगली होती. कान पुढे. चघळणं सुरू.

तेवढ्यात ट्रेलरचा पुढचा दांडा खाली गेला, आणि त्याच्याबरोबर निळ्या गाडीचं बूडही जरा बसलं.

"अहो!" मिस्त्री अट विसरला. "पुढे जड झालं! तोल गेला! तिला एक हात मागे घ्या!"

"ती कायम इथेच उभी राहते," ताई म्हणाली. "तिची जागाच ती आहे. तूच सांग तिला."

मिस्त्री खरंच आत शिरला. "बाईसाहेब, जरा मागे. थोडंसंच."

बाईसाहेबांनी त्याच्या खिशातला रुमाल ओढून घेतला आणि अर्धं पाऊल आणखी पुढे सरकल्या.

"झालं बोलणं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "बसा मग."

तोच रस्ता

मी पुढे, शेजारी. मिस्त्री आणि ताई मागच्या सीटवर. मिस्त्रीची मान पूर्ण वळलेली, नजर ट्रेलरवर, आणि ताईने त्याचा दंड असा धरलेला, की त्याला हलता येत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी वेग वाढवला.

काही नाही.

आणखी वाढवला. परवा ज्या वेगात शेपूट हललं होतं तो वेग आला, आणि गेला.

ट्रेलर सरळ होता. आखून दिल्यासारखा सरळ.

मग मागून मिस्त्रीचा आवाज आला, अगदी हळू. "लिफ्ट रुळांत असते."

"हं," मी म्हटलं.

"तिला डावी-उजवीकडे जाताच येत नाही. म्हणून तिथे नुसता तोल पुरतो."

"हं."

"हिला रूळ नाहीत. हिला फक्त पुढचा एक गोळा. त्याच्यावर दाब नसेल, तर मागचं सगळं मोकळं. मी तो दाबच काढून टाकत होतो. दर वेळी जास्त मेहनत करून."

"नावेत मी जड सामान नेहमी पुढे ठेवायचे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नवऱ्याने एकदा मागे ठेवलं होतं. एकदाच."

"मग त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाहीत?" मिस्त्रीने विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही माझ्या दारात उभं राहून माझ्या गाडीला नावं ठेवत होतात. तुम्ही ट्रेलर एका बोटाने उचलून दाखवताय, हे मला कुठे माहीत?"

ताईला आधी हसू फुटलं, आणि मग थांबेचना. तिने मिस्त्रीचा दंड सोडला, कारण आता तिला डोळे पुसायचे होते.

परत वळायचा फाटा आला. डॉक्टरबाई वळल्या नाहीत.

"बाई, फाटा गेला," मी म्हटलं.

"घोडी आत आहे. गवत आत आहे. कुरण पुढे आहे. मागे कोण आहे?"

मागे शिंग होतं.

घाटात पेट्रोलने तोंड उघडलं. आठही सिलिंडर खालच्या गिअरमध्ये ओरडत होते आणि इंधनाचा काटा असा उतरत होता, जणू त्याला खाली कोणी जेवायला बोलावलंय.

"डिझेल असतं तर—" मिस्त्रीने सुरुवात केली.

"गप," आम्ही तिघी एकदम म्हणालो. मागून ट्रेलरमधून एक खूर आपटल्याचा आवाज आला. चार मतं धरायला हरकत नाही.

कुरण

फळी टाकली. बाईसाहेब सावकाश उलट्या उतरल्या, चहूकडे पाहिलं, नव्या गवतात नाक खुपसलं आणि आमच्याकडे पाठ केली. ताईने त्या पाठीचा फोटो काढला आणि तो भाड्याने जनावरं देणाऱ्याला पाठवला. खाली लिहिलं: 'माप याचं घ्या.'

आईला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे गाडी उलाळ व्हायला आली होती. बैलगाडीत मागे जड झालं की जू वर उचललं जातं आणि गाडी भरकटते. बैलाच्या मानेवर थोडं ओझं लागतंच. मी लहान असताना आमच्या बैलालासुद्धा हे कळायचं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलं होतं मी. मिस्त्रींनी उत्तर दिलं की तोल बरोबर आहे. जावयाला किती बोलायचं?"

गाडीचा व्यवहार कुंपणाशी उभ्या-उभ्याच झाला. डॉक्टरबाईंनी एकच सांगितलं. "भाजी आणा, काय आणायचं ते आणा. पण मधूनमधून तिला काहीतरी ओढायला द्या. नुसती उभी राहिली की तिचं मन लागत नाही." मग त्यांनी किल्ली ताईच्या हातात ठेवली आणि क्षणभर सोडली नाही.

मिस्त्री कुंपणाला टेकून एकटाच उभा होता. बाईसाहेब चरत चरत तिथपर्यंत आल्या, थांबल्या, आणि त्यांनी आपली भलीमोठी हनुवटी त्याच्या एका खांद्यावर ठेवून दिली. पूर्ण. तो त्या बाजूने खचला.

"जड आहे?" मी विचारलं.

त्याने डोळे मिटून अंदाज घेतला. "तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाला थोडं कमी."

"बाजूला करू तिला?"

"नको," तो म्हणाला. "राहू दे. सरळ उभं राहायला बरं पडतं."